वळचणीखालची माती

चर्चची उत्तरेकडची बाजू खणायची ठरली, तेव्हा सान व्हिदाल गावातल्या म्हाताऱ्या माणसांना जेवण जाईना. तरुणांना वाटलं, त्यांना भूकंप आठवत असेल. तरुणांना काय, काहीही वाटतं.

भूकंपात चर्चचा घंटामनोरा तडकला होता आणि छपराचा एक कोपरा खाली आला होता. पुढची काही वर्षं सरकारी माणसं आली, फोटो काढून गेली, आणि शेवटी एकदाचं काम सुरू झालं. प्रवाळाचे जुने चिरे ओल धरतात आणि छपराचं पाणी भिंतीच्या पायाशी मुरतं, म्हणून छपराला पन्हाळ लावायची आणि भिंतीलगत गटार काढायचं ठरलं. पण एवढ्या जुन्या इमारतीशेजारी कुदळ मारायची तर जमिनीत काय आहे ते आधी बघावं लागतं. त्यासाठी मनिलाहून आयरा नावाची मुलगी आली. मुलगी कसली, चांगली डॉक्टर होती, जुन्या मातीची डॉक्टर. पण गुडघ्यांना पट्टे बांधून दिवसभर रांगत काम करायची, म्हणून गावाने तिला मुलगीच ठरवलं.

तिच्या आणि तिच्या माणसांच्या जेवणाची सोय अनातालियाकडे होती. चर्चसमोरच्या चौकात तालियाची खानावळ. चार बाकं, एक पंखा आणि वाफाळणारी पातेली. आयरा इतरांसारखीच तिला नांग तालिया म्हणायची. नांग म्हणजे ताई, मग ती ताई साठी ओलांडून गेलेली का असेना.

उत्तरेच्या वळचणीखाली काय आहे, हे तालियाला आयराच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. ती तरुण होती तेव्हाचा पाद्री फार कडक. डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडण्याआधी गेलेलं मूल दफनभूमीत येणार नाही, असा त्याचा हुकूम होता. असं मूल म्हणे स्वर्गातही जात नाही आणि नरकातही नाही, मधेच कुठेतरी ना उजेडात ना अंधारात पडून राहतं. बायकांनी त्याच्याशी वाद घातला नाही. पाद्र्याशी वाद घालून कोणाचं भलं झालंय? त्यांनी आपली वाट काढली. ज्या गावात वर्षातले आठ महिने पाऊस पडतो, तिथे देवाला एका लेकराचा बाप्तिस्मा करायला पाद्री कशाला हवा? बाळ चर्चच्या वळचणीखाली, भिंतीला टेकू दिलेल्या दगडी धिऱ्यांच्या आसपास पुरायचं. छपरावरून, म्हणजे देवाच्या घराच्या पाठीवरून ओघळलेलं पाणी पागोळीतून त्याच्या डोक्यावर पडत राहणार. त्या पाद्र्याने उभ्या आयुष्यात घातलं नसेल एवढं पाणी.

बाळंतिणीला उठवत नाही, म्हणून पुरण्याचं काम बापाचं. उजाडायच्या आत जायचं, वाटेत कोणाशी बोलायचं नाही आणि परत आल्यावर बायकोला जागा सांगायची. त्यानंतर त्या गोष्टीबद्दल कोणी तोंड उघडायचं नाही. गावात इतक्या घरांनी हे केलं होतं आणि इतक्या घरांनी एकमेकांपासून लपवलं होतं, की शेवटी सगळ्यांनाच सगळं माहीत होतं.

तालियाची पहिली मुलगी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी झाली. त्या दिवशी वादळ होतं. सुईण वेळेवर पोचली असती तर तिनेच करवंटीने डोक्यावर पाणी घातलं असतं, सुइणींना ती परवानगी होती. ती ओढ्यापलीकडे अडकली. मुलगी दोन हाका मारल्यासारखी रडली आणि गप्प झाली. नवरा मेनोय पहाटे तिला घेऊन गेला, आणि दुपारी परत आला तो समुद्रावरूनच, कारण त्याच दिवशी तो नव्या होडीवर कामाला लागणार होता. तालियाने विचारलं, कुठे ठेवलीस? तिसऱ्या आणि चौथ्या धिऱ्याच्या मधे, तो म्हणाला. डोकं समुद्राकडे केलंय, माझ्या लग्नातल्या सदऱ्यात गुंडाळलीये.

तेव्हापासून पाऊस आला की तालिया त्या भिंतीशी जायची. कधी फुलांचं निमित्त, कधी मिस्सेचं, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचं. पागोळीखाली तळहात धरून उभी राहायची. थोड्या वेळाने मेनोय छत्री घेऊन यायचा, काही न बोलता तिच्या डोक्यावर धरायचा आणि मग म्हणायचा, "चल, भिजशील." पुढे तिला एक मुलगा झाला, एक मुलगी झाली, दोघंही सेबूला नोकरीला लागली. मेनोयच्या गुडघ्यांनी दगा दिला तशी त्याने मासेमारी सोडली. छत्री मात्र सोडली नाही. बाकीच्या बायका म्हणायच्या, नवरा असावा तर असा. तालियालाही तसंच वाटायचं.

खणायला लागल्यावर आठवड्याभरातच आयरा एका दुपारी उशिरा जेवायला आली. ताटातल्या भाताला हात न लावता बसून राहिली.

"भात गार होतोय," तालिया म्हणाली.

"नांग, त्या भिंतीखाली लहान मुलं आहेत. अगदी लहान. एक नाही, बरीच. काही जुनी आहेत, काही फार जुनी नाहीत." आयराने आवाज खाली आणला. "कोणाची आहेत ते मला शोधायला हवं. कोणाला विचारू?"

तालियाने ओले हात कमरेच्या फडक्याला पुसले. इतक्या वर्षांचं कुलूप. ते असं भाताच्या पातेल्याशेजारी उघडेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"एक माझी आहे," ती म्हणाली. "तू जेव आधी."

पुढच्या रविवारी फादर उर्बानोंनी मिस्सेनंतर म्हाताऱ्या बायकांना थांबवून घेतलं. फादर उर्बानो तरुण, गोल चेहऱ्याचे, गिटार वाजवणारे. म्हणाले, ती मधली जागा आता चर्च शिकवत नाही, तुमची लेकरं देवाजवळच आहेत आणि होती. गटार बांधलं जाईल तेव्हा तिथे कोणालाच राहता येणार नाही, म्हणून आपण सगळ्या बाळांना दफनभूमीत एका थडग्यात ठेवू, मिस्सा करू आणि प्रत्येकाचं नाव घेऊ. ज्यांची आहेत त्यांनी नावं सांगा.

आधी तालियाची मैत्रीण सेगुंदिना उठली. तिचा आवाज मासळी बाजारात घडलेला.

"माझा मुलगा आहे तिथे. दाराजवळ. आता नाव काय देऊ? नवरा म्हणायचा पास्कुआल ठेवू, पण पास्कुआल माझा दीर, एक नंबरचा बेवडा. फादर, तुम्हीच सुचवा, माडी न पिणारा एखादा संत आहे का?"

बायका हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मग एकामागून एक हात वर झाले. ज्या शेजारणींनी आयुष्यभर एकमेकींच्या उखाळ्यापाखाळ्या काढल्या, त्या एकमेकींचे खांदे धरून नावं सांगू लागल्या. मग तालिया उठली. नाव तिने तेव्हाच ठेवलं होतं, पण नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

"लुमेन," ती म्हणाली. "मुलगी. तिसऱ्या आणि चौथ्या धिऱ्याच्या मधे."

घरी येताना तिचे पाय हलके पडत होते. या वयात आपल्याला एवढा आनंद होऊ शकतो याची तिला थोडी लाजच वाटली. लुमेनला नाव मिळणार होतं, थडगं मिळणार होतं, आणि मृतांच्या दिवशी चारचौघींसारखी उघड मेणबत्ती लावता येणार होती. यापलीकडे तिला देवाकडे काही मागायचं नव्हतं.

मेनोय जाळं शिवत बसला होता. मासेमारी सुटली तरी दुसऱ्यांची जाळी शिवायचा. तिने सगळं सांगितलं. त्याची सुई थांबली.

"कशाला उकरायचं आता?" तो म्हणाला. "झोपलीयेत, झोपू दे."

"झोपू दे कसं? गटार बांधतायत तिथे."

"मग बांधू दे की. गटाराखाली काय वाईट आहे? पाणीच पाणी."

"मेनोय!"

"बरं बरं." तो तोंडभर हसला. मेनोय हसला की रागवलेला माणूस वाट चुकायचा, हा त्याचा जुना गुण. "ऐक ना, आपण या आठवड्यात सेबूला जाऊन येऊ. पोरीने किती दिवसांपासून बोलावलंय. तोवर इथलं सगळं उरकेल. तुला बघवणार नाही गं ते."

तालियाला वाटलं, पुरुषांचं काळीज असंच. वरून दगड, आतून पेज. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि सांगितलं की आपण कुठेही जाणार नाही. याहून मोठा मूर्खपणा तिने उभ्या जन्मात केला नसेल, पण ते तिला नंतर कळायचं होतं.

खोदकाम पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत होतं. दोन-दोन धिऱ्यांच्या मधली जागा दोरी लावून आखायची, थापीने थर थर खरवडायचा, माती चाळायची. तालिया दुपारची भांडी झाली की जाऊन बसायची. आयरा काम करता करता सांगायची, कोणी ऐकणारं असलं की तिला हुरूप यायचा.

"हे बघ नांग. ही पिवळी रेती कोणी हलवलेली नाही. आणि इथे हा काळपट लांबट गोल दिसतोय ना? इथे कोणीतरी खड्डा केला आणि परत बुजवला. माती एकदा उकरली की वरची खाली जाते, खालची वर येते. ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

सेगुंदिनाचा मुलगा दाराजवळ सापडला, त्याच्या बाजूला शिंपल्यांची माळ होती. ती माळ सेगुंदिनाने ओळखली आणि एवढा मोठा आवाज असलेली ती बाई मातीत बसून पुटपुटत राहिली. तालियाने तिला पाणी पाजलं. मनात मात्र, खरं सांगायचं तर, तिला हेवा वाटला. आपलाही दिवस येईल, तिने स्वतःला समजावलं.

तो आला. तिसऱ्या आणि चौथ्या धिऱ्याच्या मधे दोरी लागली. तालियाने त्या दिवशी खानावळ बंद ठेवली. लहानसं पांढरं कापड शिवून आणलं होतं, कडेला निळा दोरा. मेनोय येतो म्हणाला आणि आलाच नाही, गुडघा दुखतोय म्हणे.

आयराने वरचा थर काढला. खाली पिवळी रेती लागली, या धिऱ्यापासून त्या धिऱ्यापर्यंत सलग. काळा गोल कुठे दिसेना. आयराने आणखी खाली खरवडलं. चर्च बांधताना चिरे तासले होते, त्यांच्या पांढऱ्या कपच्यांचा एक पातळ पट्टा लागला, कोणी पांढरं मीठ पसरावं तसा. तोही अखंड. आयरा टाचांवर बसली. बराच वेळ थापी पुसत राहिली.

"हाडं लहान असतात," तालिया म्हणाली. "विरघळली असतील. नाही का? एवढा पाऊस. एवढी वर्षं."

"हाडं विरघळतात, नांग."

"मग तेच झालं असेल."

"पण खड्डा विरघळत नाही." आयराने तिचा हात धरला, स्वतःचा हात मातीने भरलाय हे विसरून. "या कपच्या चर्च बांधलं तेव्हा जशा पडल्या तशाच आहेत. इथे कधी कोणी खणलेलंच नाही."

तालियाला पहिल्यांदा आयराचाच राग आला. काल आलेली पोर, मला सांगते. मग तिला वाटलं, मेनोय धिरा चुकला असेल. पहाटेचा अंधार, वादळ, हातात मेलेलं लेकरू. अशा वेळी धिरे मोजायला कोण थांबतं? शेजारच्या जागा अजून उघडायच्या होत्या. तिने मन घट्ट केलं. पांढरं कापड घडी करून कमरेला खोचलं आणि रोज येऊन बसली.

एकेक करून भिंत संपली. जेवढे गोल निघाले तेवढ्यांच्या आया समोर उभ्या होत्या. प्रत्येकीने आपलं ओळखलं, कोणी जागेवरून, कोणी सोबत ठेवलेल्या वस्तूवरून. शेवटी पायरीजवळ एकच बाळ उरलं ज्यावर कोणी हक्क सांगितला नाही. ते मातीच्या मडक्यात होतं, मडक्याचं तोंड चुन्याने लिंपलेलं.

ही बातमी गावात फिरली आणि पाऊण तासात मेनोय आला. दुखऱ्या गुडघ्याचा, अनवाणी, धापा टाकत.

"हीच!" तो मडक्याशी गुडघ्यावर बसला. "हीच आपली, तालिया. मी जागा चुकलो गं. अंधार होता. हीच ती."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी. बायका बाजूला झाल्या, सेगुंदिनाने स्वतःवर क्रूस काढला. तालियाचा जीव भांड्यात पडला. सापडली. चुकला बिचारा, पण सापडली. ती त्याच्या शेजारी बसली आणि सहज, कापड उघडता उघडता म्हणाली, "आणि सदरा?"

"काय?"

"तुझा लग्नातला सदरा. त्यात गुंडाळलं होतंस ना."

"हो, सदऱ्यात गुंडाळली आणि मग मडक्यात ठेवली. सांगितलं नव्हतं का तुला? मडक्याचं सांगितलं होतं मी."

तालियाने आयराकडे बघितलं. आयरा मेनोयकडे बघत नव्हती.

"हे मडकं कधीचं आहे, बाळा?"

"नांग, आपण नंतर बोलू."

"आत्ता सांग."

"भिंत बांधतानाचाच चुना आहे याच्या तोंडाला," आयरा म्हणाली. "तुमच्या पणजीची पणजीही तेव्हा जन्मली नसेल."

"मडकं जुनंच होतं!" मेनोय म्हणाला. "आजीचं होतं ते, घरात पडून होतं. आणि चुना, चुना मी तिथूनच घेतला, भिंतीजवळ पडला होता, म्हटलं पावसाचं पाणी आत जायला नको—"

तो बोलत राहिला. चुकलेला माणूस अशा वेळी गप्प होतो, हे तालियाला तिथे, मातीत बसल्या बसल्या समजलं. पाणी आत जायला नको म्हणतोय. अरे, पाण्यासाठीच तर इथे आणायचं होतं तिला. तिने कापडाची परत घडी घातली, उठली आणि घरी गेली.

तो मागोमाग आलाच. दारातच त्याने विचारलं, पेज करू का तुला, आलं घालून?

"कुठे आहे माझी मुलगी?"

"तू सकाळपासून काही खाल्लं नाहीस."

"मेनोय."

तो खाली बसला. शेजारी जाळं होतं, ते त्याने ओढून मांडीवर घेतलं, आणि तालियाने ते हिसकावून भिरकावून दिलं.

"मी चर्चपर्यंत गेलो होतो," तो म्हणाला. "देवाशपथ गेलो होतो. कोपऱ्यावर सेवेरो होता, चर्चचा म्हातारा घंटावाला, कंदील घेऊन. मला म्हणाला, टोपलीत काय आहे रे?"

"मग?"

"मी म्हटलं, आमिष आहे."

तालियाने भिंतीला हात लावला.

"तो हलेचना तिथून. उजाडायला लागलं. होडी सुटत होती, होडीचा तांडेल हाका मारत होता. पहिला दिवस होता माझा, खाडा केला असता तर त्याने दुसरा घेतला असता."

"तू तिला होडीवर नेलीस."

"टोपलीत होती ना. मग खडकांच्या पलीकडे, सगळे जाळी सोडत होते तेव्हा... हळूच सोडली. कोणाला कळलं नाही. मी प्रार्थना म्हटली, तालिया."

"त्या दिवशी तू मासे आणलेस."

मेनोय लांब पडलेल्या जाळ्याकडे बघू लागला.

"बाळंतिणीला बरं म्हणून आल्याचं कालवण केलंस. स्वतःच्या हाताने मला भरवलंस."

"तांडेलाने पहिल्या दिवसाचा वाटा दिला होता," मेनोय हळू आवाजात म्हणाला. "मी काय करणार होतो? आलो तर तू विचारलंस, कुठे ठेवलीस. मी म्हटलं, वळचणीखाली. तू विचारलंस, कुठल्या धिऱ्याजवळ? मग काहीतरी सांगावं लागलं ना. तू विचारलंस, कशात गुंडाळलीस? तेही सांगितलं. आणि तुला बरं वाटलं गं. तू जेवलीस त्या दिवशी, झोपलीस. मला वाटलं, बरं वाटतंय तर वाटू दे."

"सदरा कुठे गेला मग?"

"विकला."

हे त्याने इतक्या सरळपणे सांगितलं की तालियाला हसू आलं. भयंकर हसू, पोटातून वर आलेलं. मग ते थांबलं.

"आणि छत्री धरून उभा राहायचास ना माझ्यावर," ती म्हणाली. "सगळं आयुष्य. मी त्या रिकाम्या मातीशी बोलायचे, तू ऐकायचास. तेव्हा काय यायचं तुझ्या मनात?"

मेनोयने खरंच आठवून बघितलं. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"तू भिजशील, हेच," तो म्हणाला.

तालियाला त्या क्षणी तो मरावा असं वाटलं. त्याने दारू पिऊन तिला मारलं असतं, दुसरी बाई ठेवली असती, तर ती चार शिव्या देऊन मोकळी झाली असती, गावात अशा बायका होत्या. पण याने केसाने गळा कापला होता, आणि वर इतकी वर्षं त्या गळ्याची काळजी घेतली होती. शेजारणी ज्याचं उदाहरण द्यायच्या तो हा नवरा. ती ज्या एका जागेवर मन टेकवून जगली, ती जागा याने बसल्या बसल्या तोंडाने तयार केली होती.

रविवारी मिस्सा झाली. बाळांची लहान लहान गाठोडी आयांनी, नाहीतर त्यांच्या लेकींनी हातात धरली होती. मडक्यातलं बाळ आयराने धरलं. फादर उर्बानो आदल्या दिवशी तालियाकडे येऊन गेले होते. म्हणाले होते, नांग, लुमेनचं नाव मी यादीत घेतो, हाडं नसली म्हणून काय झालं.

"नको, फादर," तालियाने सांगितलं होतं. "तुम्ही इथे नाव वाचलंत तर लोक म्हणतील ती इथे आहे. ती इथे नाहीये. आता तरी कोणी तिच्याबद्दल खोटं बोलू नका."

फादर थोडा वेळ गिटार नसलेल्या हातांचं काय करावं ते न कळून बसले. मग त्यांनी बाटलीत पवित्र पाणी आणून दिलं. समुद्रावर घाला, म्हणाले, आणि तिथे नाव घ्या. समुद्रालाही चालतं ते. तालियाने ती बाटली घेतली.

म्हणून मिस्सा सुटल्यावर, सगळे थडग्याशी भात आणि डुकराचं मटण वाढून घेत होते तेव्हा, ती मेनोयला म्हणाली, "होडी काढ. मला ती जागा दाखव."

तो लगेच उठला. काही करायला मिळालं याचाच त्याला आनंद झालेला दिसला. सेगुंदिनाच्या धाकट्या मुलाची होडी मागून आणली, दोन्ही बाजूंना बांबूचे लांब हात असलेली, आणि इंजिन सुरू केलं. तालिया पुढे, त्याच्याकडे तोंड करून बसली, मांडीवर बाटली आणि थोडी फुलं. समुद्र शांत होता. त्यांनी खडकांची पांढरी रेघ ओलांडली. काही झालं तरी, ती मनाशी म्हणत होती, कुठेतरी आहे. पाण्यात का होईना, एक जागा आहे. मला तिथे नुसतं जायचंय.

समुद्रात जागा कशी ओळखतात हे कोळ्याच्या बायकोला सांगावं लागत नाही. किनाऱ्याकडे वळून बघायचं. घंटामनोरा डोंगराच्या खांद्याला टेकला की इथे खडक, नारळाच्या बागेचं टोक बर्फाच्या कारखान्याच्या धुराड्याआड गेलं की तिथे ताम्बुशी मासा. पाण्यावर तर काहीच लिहिलेलं नसतं. अशा दोन खुणा जुळल्याशिवाय मेनोयने आयुष्यात कधी जाळं टाकलं नव्हतं. होडीत झोप आली तरी त्याची मान आपोआप किनाऱ्याकडे वळायची.

खडकांपासून बऱ्याच आत आल्यावर त्याने इंजिन बंद केलं.

"इथे," तो म्हणाला. आवाज हळवा झाला होता. "अगदी इथेच."

तालियाने बाटलीच्या झाकणाला हात घातला आणि तिचा हात तसाच राहिला. किनाऱ्यावरून निघाल्यापासून मेनोयने एकदाही मागे वळून बघितलं नव्हतं. सगळा वेळ तो तिच्या चेहऱ्याकडे बघत आला होता. खडक ओलांडताना तिचा श्वास अडकला ते त्याने बघितलं, डोळे भरले ते बघितलं, आणि आता पुरे झालं असं तिच्या तोंडावर दिसताच त्याने होडी थांबवली होती.

"किनारा बघितलास का?" तिने विचारलं.

"काय?"

"जागा ठरवताना. मनोरा कशाला लागला होता, मेनोय?"

तेव्हा कुठे तो वळला. हात कपाळाशी धरून त्याने मनोरा शोधला, डोंगर शोधला, आणि परत तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, तो गडबडला.

"थोडं पुढे असेल," तो घाईघाईने म्हणाला, आणि इंजिनची दोरी हातात घेतली. "हो, पुढेच होतं. किती पुढे जाऊ, तू सांग."

तालियाने फुलं आणि बाटली पिशवीत ठेवली आणि त्याला होडी घराकडे वळवायला सांगितलं.